सांगितल्याप्रमाणे खेळतो

३ सप्टेंबर १९७९

स्टोअरच्या माणसाने आज एक डायरी दिली. चालू सालचीच आहे, पण आठ महिने कोरे गेलेत, म्हणून माझ्या वाट्याला आली. टीमचं रजिस्टर मी वेगळं लिहितोच. कोण आलं, कुणी दांडी मारली, कुणाचे बूट फाटले. त्यात मनातलं लिहायची सोय नाही, ते इथे लिहीन.

बास्केटबॉलच्या टीमसाठी दोन नवीन पोरं घेतली. दोघंही टेम्पररी. सकाळी कारखान्याच्या शॉपमध्ये काम, चारनंतर कॅन्टीनमागच्या कोर्टावर माझ्याकडे. खेळाडूंसाठी जागा एकच आहे आणि मार्चअखेर दोघांतला एकच कायम होणार, हे पर्सोनेलच्या साहेबांनी दोघांच्या तोंडावर सांगून टाकलं. बरं झालं, नंतर कुणी रडायला नको.

एक जयराम आहेर, सटाण्याचा. सहा फूट तीन इंच. टाइम ऑफिसच्या दारातून येताना वाकावं लागलं त्याला. वडिलांचा कांद्याचा व्यापार आहे, नोकरीची तशी गरज नाही, पण पोरगा कारखान्यात कायम असला की लग्नाच्या बोलण्यात वजन येतं, असं तो स्वतःच हसत म्हणाला. दुसरा मल्हारी पगारे, वडाळा नाक्याकडे राहतो. पाच फूट सहा. वडील नाहीत, आई विड्या वळते. मी जात कधी कुणाला विचारत नाही. आडनावावरून कळतेच.

जयराम रिंगखाली खेळणार. मल्हारी गार्ड, म्हणजे चेंडू मागून पुढे आणायचा आणि ज्याला द्यायचा त्याच्या हातात द्यायचा. माझीच जागा. सोळा वर्षं मी ती खेळलो.

६ सप्टेंबर

पहिला सराव. मल्हारीने लांबून, मी म्हणतो कितीतरी लांबून, अकरा वेळा रिंगकडे चेंडू टाकला. आठ आत गेले. बाराव्याला मी शिट्टी वाजवली.

"कुणाला विचारून टाकतोस?"

"सर, समोर कोणीच नव्हतं."

"आत जयराम उभा होता ना?"

"त्याच्या अंगावर दोघं होते. मोकळा मीच होतो."

उत्तर तयार असतं त्याचं. उद्धट म्हणता येत नाही, आवाज खालचाच असतो, पण मान खाली जात नाही. त्याला बाजूला घेऊन समजावलं. गार्डने टाकायचं नसतं, द्यायचं असतं. गार्ड टाकायला लागला की बाकीचे चौघं नुसते उभे राहतात आणि दोन महिन्यांत टीमची वाट लागते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, पुस्तकातलं नाही.

मग पासष्टची फायनल सांगितली. शेवटचं मिनिट, समोर मोकळी जागा, मी टाकू शकलो असतो. दिला. जिंकलो. कॅन्टीनमध्ये त्या दिवसाचा फोटो आहे. कप ज्याच्या हातात आहे तो पुढे फोरमन झाला. मी टाइम ऑफिसात आहे आणि मला कशाची खंत नाही.

मल्हारीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या फायनलला तुमचे किती पॉइंट झाले सर?"

चार. पण ही काय विचारायची गोष्ट झाली?

११ ऑक्टोबर

कारखान्यांच्या लीगमधली पहिली मॅच जिंकलो, ६२–४८. जयराम २६, मल्हारी ४. माझं म्हणणं अगदी तंतोतंत खरं ठरलं. पोरगं चेंडू देतं मात्र काय! जयरामने हात वर करायच्या आधी चेंडू निघालेला असतो, आणि हात वर जातो तेव्हा बरोबर तिथे असतो. दोनदा तर त्याने जयरामकडे बघितलंही नाही. मला ते सोळा वर्षांत जमलं नव्हतं. इथे लिहायला हरकत नाही.

पेपरात तीन ओळी आल्या. जयरामचं नाव आहे.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ. जयराम आला होता. सटाण्याहून वडिलांनी त्याच्याबरोबर डाळिंबं पाठवली. ही खूश. थोरलीने नवी साडी नेसून ताट आणलं, वेडी कुठली, जयराम टीमचा पोरगा आहे, पाहुणा थोडाच. तो खाली मान घालून चार लाडू खाऊन गेला. पोरगा मोकळा आणि घरंदाज आहे.

मल्हारीही आला होता, जाळ्या ठेवायच्या खोलीची किल्ली द्यायला. मी बस म्हणालो. तो पायरीवरच बसला. हिने त्याचा चहा बाहेरच नेऊन दिला, फरशी नुकतीच पुसली होती. दहा मिनिटं आम्ही पुढच्या मॅचबद्दल बोललो. जाताना त्याने कप नळावर विसळून पालथा ठेवला. घरी वळण चांगलं असावं.

१९ नोव्हेंबर

आज मल्हारीने डोकं उठवलं. सरावानंतर सगळे गेले, हा थांबला. म्हणाला, "सर, स्कोरशीट बघू?"

दाखवली. सहा मॅचच्या सहा. प्रत्येकाच्या नावापुढे बास्केट किती, फाउल किती. तो बोट फिरवत राहिला.

"पास कुठे लिहितात?"

"पास लिहीत नाहीत."

"कालच्या मॅचला जयरामच्या बारा बास्केटपैकी दहा माझ्या पासवर आहेत."

"मग? त्याने घातल्या ना?"

"सर, पर्सोनेलवाले मॅच बघायला येतात का?"

"त्यांना उद्योग नाहीत का दुसरे? ते कागद बघतात."

त्याने कागद नीट जुळवून ठेवले. मग हळूच म्हणाला, "मग मी कागदावर कुठे आहे?"

मला राग आला. म्हणालो, तू कागदासाठी खेळतोस की टीमसाठी? बावीस वर्षं मी टाइम ऑफिसात काढली. कार्डावर पंच नसेल तर खुद्द मॅनेजरच्या भाच्याचीही हजेरी मी लावलेली नाही. नियम असा आहे म्हणून लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. कुणी स्कोरशीटवर नवीन रकाना पाडा म्हणेल तर उद्या कोण किती पळालं तेही लिहावं लागेल.

घरी येताना सायकलवर मात्र तो बारातल्या दहाचा हिशेब डोक्यात घोळत होता. मी आठवून बघितलं. दहा नव्हे, अकरा होत्या.

९ डिसेंबर, येवला

इथल्या स्पर्धेला एसटीने आलो. पहिल्या मॅचला जयरामचे पूर्वार्धातच चार फाउल झाले. पाचवा झाला की बाहेर, म्हणून त्याला बसवला. आम्ही अकराने मागे. मी मल्हारीला सांगितलं, आतल्या पोरांना दे. त्याने दोनदा दिला, दोन्ही वेळा पोरांनी घालवला. तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता टाकला. गेला. मग टाकतच राहिला. बावीस केले एकट्याने. पैठणी विणणाऱ्या गल्ल्यांतली माणसं माग सोडून कोर्टाभोवती जमली होती, ती नाचायला लागली. तीनने जिंकलो.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या असत्या, पण तो टाकायला लागल्यावर मी दोनदा ओरडून सांगितलं होतं आणि त्याने दोन्ही वेळा ऐकलं नव्हतं. उद्या हे चाललं तर परवा सगळेच आपल्या मनाने खेळतील. उद्या त्याला बसवणार.

१० डिसेंबर

सेमीफायनलला बसवला. नऊने हरलो. एसटीत कुणी माझ्याशी बोललं नाही. जयराम मल्हारीच्या शेजारी जाऊन बसला आणि दोघं पुडीतले शेंगदाणे खात होते.

तत्त्व राहिलं, असं मी स्वतःला सांगतोय. मॅच गेली हेही खरंच आहे.

१९ डिसेंबर

टाइम ऑफिसच्या खिडकीशी एक बाई आली. डोक्यावर पदर, बोटं तंबाखूने पिवळी पडलेली. म्हणाली, "मी मल्हारीची आई, सुलाबाई."

मला वाटलं भांडायला आली. तसं काहीच नव्हतं.

"साहेब, पोरगं आठ दिस झाले नीट जेवत नाय. म्हणतो, सरांनी बशीवलं. काय चुकलं हाय त्याचं?"

मी समजेल असं सांगितलं. चेंडू द्यायचा असतो, हा टाकतो. मी सांगितलं तरी टाकतो.

"एवढंच व्हय?" तिला हायसं वाटलेलं दिसलं. "मला वाटलं, काय चोरीबिरी केली का काय. त्याला लय कळतं असं त्याला वाटतं, बापावर गेलाय. बाप बी असाच, मुकादमाला उलटून बोलला न् कामावरून गेला. साहेब, तुमी सांगा तसंच करीन तो. मी सांगते त्याला. तुमच्या शब्दाबाहेर नाय जायचा. पर त्याला चिकटवा एकदाचं. मार्चला पक्कं करत्यात म्हणे."

मी म्हणालो, "काळजी करू नका. माझं ऐकलं तर तुमच्या पोराचं नुकसान होऊ देणार नाही."

हे मी मनापासून बोललो. तिने खिडकीला हात लावून कपाळाला लावला. मला कसंतरीच झालं, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या शब्दाला एवढी किंमत कुणी दिली नव्हती.

८ जानेवारी १९८०

नवीन डायरी वेळेवर मिळाली. मल्हारी सुधारला. लीगच्या दोन मॅच झाल्या, एकदाही मनाने टाकला नाही. जयराम २४ आणि २७. दोन्ही जिंकल्या.

सरावालाही आता प्रश्न नाहीत. "हो सर" म्हणतो आणि जागेवर जातो.

२० जानेवारी

आज एक चमत्कारिक प्रकार झाला. मल्हारी चेंडू हिसकावून एकटाच पळत सुटला. समोर रिंग, आडवं कोणी नाही, शाळकरी पोरानेही घातला असता. तो रिंगखाली पोचला, थांबला, मागे वळला आणि धावत येणाऱ्या जयरामला चेंडू दिला. जयरामने घातला. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अरे, नवस बोललाय का याने?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मॅचनंतर म्हणालो, "अरे, इतका मोकळा असताना टाकला असतास तर चाललं असतं."

"तुम्ही तसं सांगितलं नव्हतं सर."

चेष्टा करतोय का म्हणून तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती.

२७ जानेवारी

जयराम घरी जेवायला होता. हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एक सांगू का? राग मानू नका. मी नुसता उभा राहतो. हात वर केला की चेंडू येतो." मग भावनेच्या भरात घरच्या बोलीत गेला. "पॉइंट मना नाववर शेतस, मेहनत त्यानी शे. साहेबांना हे तुम्ही सांगा एकदा. मला नाही मिळाली तरी आमचं दुकान आहे."

किती मोठ्या मनाचा मुलगा! हिला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, असा जावई मिळायला भाग्य लागतं. मी म्हणालो, तुला काहीही सुचतं. पण सुचलं ते वाईट नाही.

१६ फेब्रुवारी

सूर्यग्रहण. दुपारनंतर रस्ते ओस. कारखान्यात निम्मीसुद्धा माणसं नव्हती, जी आली ती शेडमधून बाहेर पडेनात. हिने मला निघू नको म्हणून बजावलं होतं, पण टाइम ऑफिस बंद ठेवता येत नाही. खिडकीला जुनं कापड लावून बसलो.

पर्सोनेलचा फॉर्म समोर होता. सोमवारी द्यायचा आहे. टेम्पररी खेळाडूंची माहिती, मॅच किती, गुण किती, आणि शेवटी एक बोटभर रुंदीचा रकाना, प्रशिक्षकाचा शेरा. मॅच तेरा. जयराम आहेर, २८६. मल्हारी पगारे, ६३. आकडे स्कोरशीटवरून दोनदा ताडून बघितले.

साडेतीनच्या सुमाराला उजेड विचित्र पिवळट झाला. कॅन्टीनकडून चेंडूचा आवाज यायला लागला. कापड बाजूला करून बघितलं तर कोर्टावर मल्हारी एकटा. त्यांच्यात ग्रहण पाळत नाहीत. तो लांबून टाकत होता. एक टाकला, धावत जाऊन चेंडू आणला, दुसऱ्या कोपऱ्यातून टाकला. मी बघत राहिलो. सतरा टाकले, चौदा गेले. अवघड कोनातून, त्या तसल्या उजेडात, जाळी जराशी हलायची आणि चेंडू खाली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी बघतोय हे त्याला माहीत नव्हतं.

इतकं सुंदर टाकणारा माणूस मी आमच्या कोर्टावर कधी बघितलेला नाही. कापड परत सोडावंसं वाटेना. का ते कळलं नाही.

मग फॉर्म घेतला. जयरामच्या रकान्यात लिहिलं, 'संघाचा आधारस्तंभ.' मल्हारीच्या रकान्यापुढे तासभर बसलो. त्याच्या पासवर हे २८६ उभे आहेत असं लिहावं का? पण स्कोरशीटवर तसं काही नाही, विचारलं तर दाखवू काय? येवल्याच्या बावीसचं लिहावं तर तो दिवस त्याने न ऐकल्याचा होता, मी कसा लिहू? शेवटी माझ्या दृष्टीने खेळाडूबद्दल जे सर्वांत मोठं बोलता येतं तेच लिहिलं. 'आज्ञाधारक. सांगितल्याप्रमाणे खेळतो.' वळणदार अक्षरात, रकान्यात बरोबर बसलं.

आता साहेबांनी ठरवावं. मी दोघांनाही न्याय दिला.

२४ फेब्रुवारी

जयरामचे वडील सटाण्याहून आले होते. थोरलीला बघून गेले. बोलणी पाडव्यानंतर. पोराची नोकरी एकदा पक्की होऊ द्या, म्हणाले, मग तारीख धरू. मी म्हणालो, नोकरीचं साहेबांच्या हातात आहे, मी त्यात पडत नाही. ते म्हणाले, "तुमच्यासारखी सरळ माणसं राहिली कुठे?"

९ मार्च

लीगची फायनल हरलो. नीट लिहून काढतो, म्हणजे झोप तरी येईल.

५७–५८. शेवटची बारा सेकंदं, चेंडू आपल्याकडे. मल्हारी घेऊन आला. जयरामवर तिघं चढलेले, त्यांना माहीतच होतं चेंडू तिकडे जाणार. मल्हारीच्या समोर कोणी नव्हतं. त्याला अडवायलाच कोणी गेलं नाही, सगळ्या लीगला माहीत झालंय की हा टाकत नाही. मी उठलो आणि ओरडलो, "टाक!"

आयुष्यात पहिल्यांदा मी गार्डला तसं सांगितलं. त्याला ऐकू गेलं. मान वळवून माझ्याकडे बघितलं, चांगला एक श्वासभर. मी पुन्हा ओरडलो, "मल्हारी, टाक!" आणि त्याने जयरामला पास दिला. तिघांच्या हातांत चेंडू गेला, शिट्टी झाली, संपलं.

मी कोर्टात धावत गेलो आणि सगळ्यांसमोर त्याचा दंड धरला. "टाक म्हणालो ना मी? ऐकू आलं नाही?"

"आलं सर."

"मग?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही परीक्षा घेताय. मार्च आहे ना. मी टाकतो का बघताय."

मी त्याचा हात सोडला. जयराम खाली बसून रडत होता आणि मल्हारी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेला.

३१ मार्च

यादी लागली. जयराम आहेर कायम. मल्हारी पगारे, मुदत संपली. गेटपास आणि कपडे जमा करून घ्यावेत, असा कागद टाइम ऑफिसला, म्हणजे मलाच.

तो साडेचारला आला. जर्सी धुऊन इस्त्री करून आणली होती. गेटपास खिडकीतून आत सरकवला. मी पावती फाडली. त्याने सही केली. मी म्हणालो, वाईट वाटून घेऊ नकोस. तो म्हणाला, "नाही सर." मग विचारलं, "सर, डिसेंबरनंतर माझं काही चुकलं का?"

"नाही."

"फायनलला चुकलं."

"तेही नाही," मी म्हणालो. ते खरं आहे. त्याने ऐकून घेतलं आणि गेला. गेटवरच्या माणसाने रोजच्यासारखी त्याची झडती घेतली.

३ एप्रिल

न राहवून पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. कुणासाठी शब्द टाकायला मी पहिल्यांदाच त्या केबिनमध्ये गेलो असेन. म्हणालो, जयरामचे गुण हे अर्धे त्या पोराचे आहेत. येवल्याचं सांगितलं, ग्रहणाच्या दिवसाचंही सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "गायधनी, मग हे लिहिलं का नाहीत? मी काय ग्राउंडवर असतो? आहेरने स्वतः येऊन मला सांगितलं होतं हो, तो पगारे आपल्यापेक्षा चांगला आहे म्हणून. म्हणून मी तुमचा शेरा मुद्दाम काढून बघितला. खरं असतं तर तुम्ही लिहिलंच असतं." त्यांनी फाईल माझ्यापुढे फिरवली. माझंच अक्षर. "सांगितल्याप्रमाणे खेळतो. अहो, सांगितल्याप्रमाणे करणारी आठशे माणसं आहेत इथे माझ्याकडे."

"तो मी चांगल्या अर्थाने लिहिलेला शेरा आहे साहेब."

"असेल ना. पण आता ऑर्डर निघाली."

बाहेर येऊन सायकलच्या स्टँडजवळ उभा राहिलो. मी खोटं काही लिहिलं नाही. कुणाकडून कपभर चहासुद्धा घेतला नाही. फॉर्म भरला तोवर टीम तेरातल्या दहा मॅच जिंकली होती. मग चुकलं नेमकं कुठे, हे मी तेव्हापासून शोधतोय, आणि प्रत्येक वेळी सगळं बरोबरच निघतं. तरी जेवण जात नाही.

६ एप्रिल

सुट्टी. सकाळी थोरलीच्या लग्नाच्या याद्या करत बसलो होतो. दारात सुलाबाई. ही म्हणाली, कोण आहे? मी म्हणालो, कामावरचं कोणीतरी. आणि मी खाली उतरलो.

मी मनाची तयारी करून गेलो होतो. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेणार होतो, खरंच. तिने हात जोडले.

"सुट्टीचं आले, रागवू नका साहेब. पोरगं घरात बसून हाय. नशिबात नव्हतं, तुमी तरी काय करणार? तुमचा त्याला लय लळा हाय. आता झालंय काय, आमच्याकडचा काळू त्याला खडीच्या मशिनवर न्यायला तयार हाय, उद्याच चल म्हणतो. आन जयराम सांगून गेला, अंबडकडं दुसरा कारखाना हाय, त्यांची टीम हाय, मंगळवारी पोरं बघणार हायेत. म्या म्हनलं, जा बाबा मंगळवारी. तर म्हणतो, सरांना इचार."

"जाऊ दे त्याला," मी घाईघाईने म्हणालो. "नक्की जाऊ दे."

"जाईल की. तुमी म्हणता म्हणल्यावर जाईल." तिने पदर सारखा केला. "पर तिथं गेल्यावर त्यानं चेंडू टाकायचा का द्यायचा, तेवढं इचारून ये म्हणलाय. तुमी सांगाल तसं करतो म्हणलाय."

मी तोंड उघडलं. टाक म्हणावं तर नव्या पोराने आल्या आल्या टाकलं की तिथलाही कोणी माझ्यासारखा शिट्टी वाजवेल. दे म्हणावं तर त्यांच्याही स्कोरशीटवर रकाना नसणार. तुझ्या मनाने खेळ म्हणावं तर मन मीच काढून घेतलंय त्याचं, ते आता कुठून आणेल तो? शेवटी म्हणालो, "मला जरा विचार करू द्या."

"करा की," ती म्हणाली. "मी हाय हितंच."

मी वर आलो. ही विचारत होती, आहेरांकडची किती माणसं धरायची, मी काहीतरी आकडा सांगितला. तास होऊन गेला. आत्ता खिडकीतून बघितलं, ती पायरीवर बसलेली आहे.